गॅरेजमधला कट्टा

अमेरिकेच्या उपनगरांमधील घरांत एक प्रसंग थोड्याफार फरकाने सर्वत्र घडतो. मुलगा किंवा मुलगी बारा-तेरा वर्षांची झालेली असते. शाळेतले चार मित्र शनिवारी घरी येणार असतात. ते येण्याच्या तासभर आधी गॅरेजमधली प्लॅस्टिकची घसरगुंडी, भातुकलीचे स्वयंपाकघर आणि कार्टूनच्या चित्रांचा गालिचा एका मोठ्या चादरीखाली गुपचूप झाकला जातो. ज्या जागेत त्या मुलाचे बालपण गेले, त्याच जागेची आता त्याला लाज वाटू लागलेली असते. आईवडिलांच्या हे लक्षात आले, की त्यांचा पहिला विचार नव्या रंगाचा आणि नव्या सोफ्याचा असतो. प्रत्यक्षात प्रश्न रंगाचा नसतो. लहान मुलाची खेळण्याची खोली आणि वाढत्या मुलाची मित्रांसह बसण्याची खोली या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीतून दुसरी घडवताना घराइतकाच आईवडिलांच्या सवयींतही फेरफार करावा लागतो.

गॅरेज म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोटारदुरुस्तीचे दुकान उभे राहते. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, एक किंवा दोन मोटारी उभ्या करण्याची बंदिस्त खोली. दोन मोटारींचे गॅरेज साधारणपणे २० फूट लांब आणि तितकेच रुंद असते, म्हणजे ४०० चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत एखादे कुटुंब सुखाने संसार थाटते. एवढी मोठी खोली मोटारीसाठी बांधली जाते खरी, परंतु मोटार तिच्यात असतेच असे नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा बारकाईने अभ्यास केला होता. २०१२ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या अभ्यासात, चारांपैकी तीन गॅरेजमधून मोटार हद्दपार झालेली आढळली. तिची जागा खोक्यांनी, जुन्या सामानाने आणि खेळण्यांनी घेतली होती. मराठी घर असेल तर त्यात गणपतीचे मखर, भारतवारीच्या मोठ्या बॅगा आणि तांदळाच्या गोण्यांची भर पडते. दिवाळीत तळणाचा वास घरभर राहू नये म्हणून कित्येक घरांत चकल्यांची कढई याच गॅरेजमध्ये चढते. त्या कढईकडे पुढे वळावे लागणार आहे.

लहान मुलांसाठी ही जागा सोयीची ठरते, कारण तिथे पसारा केला तरी दिवाणखाना नीटनेटका राहतो. फरशीवर एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन अंथरले, भिंतीला खेळण्यांचे कप्पे लावले, की झाले. दहा वर्षांपर्यंत मुलाला वस्तू हवी असते. त्यानंतर त्याला माणसे हवी असतात, आणि तीही स्वतः निवडलेली. या वयाचा स्वतंत्र विचार तसा अलीकडचाच. स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये किशोरावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून बालपण आणि प्रौढपण यांच्यामधला हा टप्पा अभ्यासाचा विषय झाला.

महाराष्ट्रातील शहरांत या वयाच्या मुलांना बसायला कट्टा असतो. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा प्रसिद्ध आहे, पण सोसायटीच्या जिन्याखालची पायरी, शाळेबाहेरची भिंत, देवळाचा पार हेदेखील कट्टेच. तिथे पैसे लागत नाहीत, आमंत्रण लागत नाही, आणि वडीलधाऱ्यांची नजर असली तरी ती दुरून असते. रे ओल्डेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने घर आणि कामाचे ठिकाण सोडून माणसे सहज जमतात अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटले. १९८९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातील मुख्य खंत हीच होती, की अमेरिकेच्या उपनगरांनी अशा जागांना थाराच दिला नाही. घरे विखुरलेली, बहुतेक ठिकाणी मोटारीवाचून कुठे जाता येत नाही, आणि मोटार चालवण्याचा परवाना बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षाच्या आसपास मिळतो. मॉलची दारेही सताड उघडी नाहीत. मिनेसोटा राज्यातील ‘मॉल ऑफ अमेरिका’ या प्रचंड बाजारसंकुलाने १९९६ मध्येच सोळा वर्षांखालील मुलांना शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी मोठ्या माणसाच्या सोबतीची अट घातली. पुढे इतर मॉलनीही तोच मार्ग धरला.

मग उरतो तो हातातला फोन. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे जाहीर पत्रक काढले आणि त्याच महिन्यात मुलांवरील समाजमाध्यमांच्या परिणामांविषयी दुसरे. ही दोन पत्रके शेजारी ठेवली की गॅरेजच्या खोलीचे महत्त्व ध्यानात येते. तेरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमवेत समोरासमोर बसायला जागाच नसेल, तर तो आपल्या खोलीचे दार लावून त्यांना पडद्यावर भेटणार. ही खोली म्हणजे त्या अर्थाने चैन नव्हे. मुलाच्या पायांच्या टप्प्यात असलेला बहुधा तो एकच कट्टा असतो.

मात्र कट्टा चालतो तो मुलांना तिथे यावेसे वाटले तरच. त्यामुळे दोन गोष्टींची फारकत सुरुवातीलाच केलेली बरी. खोली सुरक्षित आणि बसण्याजोगी करणे हे आईवडिलांचे काम, त्यात मुलाचे मत विचारण्याचे कारण नाही. ती कशी दिसावी, तिच्यात काय असावे हे मुलाचे काम, त्यात आईवडिलांनी शक्य तितके गप्प राहावे. बहुतेक घरांत नेमके उलट घडते. आईवडील भिंतीचा रंग आणि पडदे निवडण्यात रमतात, आणि वीज, ओल, धूर या गोष्टी ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात.

सुरुवात जमिनीपासून करावी. गॅरेजची फरशी काँक्रीटची असते आणि ती सपाट नसते. मोटारीवरून ओघळणारे पाणी वा बर्फ बाहेर जावा म्हणून तिला दाराकडे उतार दिलेला असतो. फुटामागे एक अष्टमांश इंच उतार धरला, तर वीस फुटांत अडीच इंचांचा फरक पडतो. लहान मुलांना तो जाणवत नाही. पण टेबल टेनिसचे टेबल मांडले की चेंडू आपोआप दाराकडे धावू लागतात. दुसरी अडचण ओलीची. घराच्या इतर भागात काँक्रीटखाली ओल अडवणारे प्लॅस्टिकचे अस्तर असते, जुन्या गॅरेजखाली ते असेलच याची खात्री नसते. त्याची परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. उचलल्यावर खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडलेले आढळले, तर ओल वर येत आहे. अशा फरशीवर थेट गालिचा अंथरला तर वर्षभरात त्याला बुरशी धरते, आणि बुरशीचा वास येणाऱ्या खोलीत कोणताही मुलगा दुसऱ्यांदा मित्र आणत नाही. बाळपणीचे फोमचे चौकोन उचलून खाली काय झाले आहे ते पाहिले, तर निम्मी परीक्षा आधीच झालेली असते.

त्यानंतर ऊन आणि थंडी. फिनिक्ससारख्या शहरात उन्हाळ्यात तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर मिनीआपोलिससारख्या शहरात हिवाळ्याच्या रात्री ते शून्याखाली १८ अंशांच्याही खाली उतरते. घराच्या भिंतींत उष्णतारोधक भरण असते, गॅरेजच्या बाहेरच्या भिंतींत बहुधा नसते. सर्वांत मोठी गळती असते ती पत्र्याच्या मोठ्या दारातून. त्यावर आतून फोमचे पत्रे चिकटवता येतात आणि कडेला रबरी पट्ट्या लावता येतात. मात्र या भरणामुळे दाराचे वजन वाढते. ते दार वर उचलणारी स्प्रिंग मूळच्या वजनाच्या हिशेबाने ताणलेली असते. तिचा ताण इतका असतो, की हौसेने तिला हात लावणाऱ्या माणसाचा हात वा डोळा जाऊ शकतो. ते काम जाणत्या कारागिरालाच द्यावे. दार विजेवर चालत असेल तर ते कधीचे आहे हेही पाहावे. १ जानेवारी १९९३ नंतर अमेरिकी बाजारासाठी तयार झालेल्या यंत्रांना, खाली येताना कोणी अडकले तर दार उलट फिरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. त्याआधीचे यंत्र असेल तर ते बदलण्यात काटकसर करू नये. घर १९७८ पूर्वीचे असेल तर भिंतीच्या जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो खरवडण्याआधी तपासणी करून घ्यावी. निवासी वापरासाठी शिसेयुक्त रंगावर त्या वर्षी बंदी आली.

या सर्वांहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दोन मोटारींच्या गॅरेजमध्ये एका बाजूला मोटार आणि दुसऱ्या बाजूला मुलांची बैठक अशी विभागणी पुष्कळ घरांत असते. पेट्रोलच्या इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅरेजचे मोठे दार उघडे ठेवून मोटार चालू ठेवली तरी हा वायू आत साठू शकतो आणि घरातही शिरतो. म्हणून मोटार आत राहणार असेल तर ती खोली बैठकीची होऊ शकत नाही. एकतर मोटार कायमची बाहेर, किंवा मधोमध छतापर्यंत पक्की भिंत. पडदा किंवा कपाटांची रांग म्हणजे भिंत नव्हे.

मोटार बाहेर काढली तरी गॅसवर चालणारी पाणी तापवण्याची टाकी आणि घर गरम ठेवणारी भट्टी बहुधा तिथेच राहते. गॅरेजमध्ये अशा उपकरणाची ज्योत जमिनीपासून निदान १८ इंच उंच असावी असा दंडक आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. मुले नेमकी जमिनीलगतच बसणार. तेव्हा पेट्रोलचा डबा, गवत कापण्याचे यंत्र, रंगाचे पातळ द्रव यांना या खोलीत जागा नाही, त्यांच्यासाठी अंगणात निराळी कोठी हवी. टाकी दिसायला वाईट म्हणून तिला चारही बाजूंनी फळ्या ठोकून कपाट करण्याचा मोह होतो. तिला ज्वलनासाठी हवा लागते, ती बंद झाली की पुन्हा तोच विषारी वायू तयार होतो. धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी दोन्ही यंत्रे बसवावीत. आणि दिवाळीची कढई आता घराबाहेर, उघड्यावर गेलेली बरी. सोफा, उशा आणि उकळते तेल एका खोलीत नांदू शकत नाहीत, मग चकल्या कितीही खुसखुशीत होवोत.

विजेचा हिशेब साधा असला तरी तो सहसा कोणी मांडत नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते. १५ अँपिअरच्या एका जोडणीवर जास्तीत जास्त १८०० वॅटचा भार पेलतो. जमिनीवर ठेवायचा साधा हीटर एकटाच १५०० वॅट घेतो. उरलेल्या ३०० वॅटमध्ये टीव्ही, खेळाचे यंत्र, छोटा फ्रिज आणि चार फोन बसवायचे म्हटले, की खेळ रंगात आलेला असताना अंधार होणार. मग कोणीतरी घरातून लांब वायर ओढून आणतो आणि हीटर तिच्यावर लावतो. आगी लागतात त्या अशाच. गॅरेजसाठी दोन नव्या जोडण्या आणि भिंतीवर बसणारे, थंड आणि गरम दोन्ही हवा देणारे यंत्र हा खर्च सोफ्याच्या आधी करावा. पैसे संपले तर मुले खोक्यांवर बसतील आणि त्यांना त्याचे काही वाटणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. बहुतेक राज्यांनी ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ ही नमुना नियमावली काही फेरफारांसह स्वीकारली आहे. तिच्यानुसार राहण्याच्या खोलीची उंची किमान सात फूट असावी लागते, आणि गॅरेज व घर यांच्यामधल्या भिंतीवर गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचे जिप्समचे आवरण असावे लागते. आग लागली तर तिला घरात शिरायला वेळ लागावा हा त्यामागचा हेतू आहे, म्हणून त्या भिंतीला वायरसाठी मनाजोगती भोके पाडू नयेत. चटई, टेबल आणि खुर्च्या मांडायला सहसा परवानगी लागत नाही. भिंत बांधणे, वीज वाढवणे, मोठे दार काढून तिथे खिडकी बसवणे यांना स्थानिक बांधकाम खात्याची परवानगी लागते. घरमालकांच्या संघाचे नियम वेगळेच असतात, आणि काही वसाहतींत गॅरेजमध्ये मोटार ठेवणे हेच बंधनकारक असते. मित्र रात्री तिथेच झोपतात, हीदेखील नेहमीची गोष्ट. झोपण्याच्या खोलीला बाहेर निसटता येईल अशी खिडकी लागते. तिचे उघडे क्षेत्र सर्वसाधारणपणे निदान ५.७ चौरस फूट असावे आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नसावा. बहुतेक गॅरेजना अशी खिडकी नसते. रात्री झोपायची वेळ झाली की मुलांनी अंथरुणे घेऊन घरात यावे, हा एक नियम मोडू देऊ नये.

इथवर आले की आईवडिलांचे काम बहुतांशी संपते. त्यानंतर मुलाच्या हाती एक ठरावीक रक्कम ठेवावी आणि हिशेब त्याच्यावर सोपवावा. मुले बहुधा आवाज, अंधुक उजेड आणि खाणे या तीन गोष्टींचा विचार करतात, आणि तो चुकीचा नसतो. छतावरच्या पांढऱ्या नळीदिव्याखाली कोणी मन मोकळे करीत नाही. कोपऱ्यातले दोन-तीन साधे दिवे अधिक उपयोगी पडतात. बसण्याच्या जागा एका रांगेत टीव्हीकडे तोंड करून मांडल्या तर ते चित्रपटगृह होते, कट्टा होत नाही. बैठक समोरासमोर असावी, मधे पाय ठेवता येईल असे दणकट टेबल असावे. वाईट रंगसंगतीबद्दल अवाक्षर काढू नये. उंच कपाटे आणि टीव्ही भिंतीला पक्के बांधले आहेत एवढे मात्र पाहावे.

पॅलो अल्टो शहरात ॲडिसन ॲव्हेन्यूवर एक लहानसे गॅरेज आहे. १९३८ साली बिल ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी तिथे काम सुरू केले. त्यातून एक प्रचंड कंपनी उभी राहिली, आणि आज ते गॅरेज ‘सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान’ म्हणून जपले गेले आहे. ही कथा ऐकून कित्येक मराठी वडील गॅरेजमध्ये रोबो बनवण्याचे टेबल आणि फळा आधी आणतात. मुलाला आवड असेल तर ठीकच. नसेल तर ती खोली शिकवणीचा वर्ग होते आणि मुले शेजारच्या घरी जमू लागतात. शनिवारी दुपारी चार मुले काहीही न करता तीन तास बसली, तर खोली आपले काम करीत आहे असे समजावे.

सर्वांत अवघड असते ते दार. आपल्याकडच्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत वाढलेल्या आईवडिलांना दार वाजवून आत जाण्याची सवय नसते. कपडे धुण्याचे यंत्र गॅरेजमध्येच असेल तर दर पंधरा मिनिटांनी आत डोकावण्याचे निमित्तही मिळते. काही जण छतावर कॅमेरा लावतात. कॅमेरा लावलेल्या खोलीतली मुले दुसरी जागा शोधतात, आणि ती जागा आईवडिलांना ठाऊक नसते. त्याऐवजी नियम थोडे, उघड आणि आधी ठरवलेले असावेत: आतून कडी नाही, मोठे माणूस घरात असल्याशिवाय मित्र नाहीत, रात्री अमुक वाजता बंद. या शेवटच्या नियमात थोडी सवलत द्यायला हरकत नाही. वयात येताना झोपेची वेळ शरीरातच पुढे सरकते, हे आता मान्य झाले आहे. त्याच कारणाने कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२२ पासून बहुतेक हायस्कुले सकाळी साडेआठच्या आधी भरत नाहीत. मराठी घरांत एक प्रश्न अधिक उठतो. मुलाच्या मैत्रिणी आल्या तर चालतात, मुलीचे मित्र आले की दार उघडे ठेवण्याची सूचना होते. नियम करायचा तर तो दोघांना सारखाच असावा. मुलगी हा फरक पहिल्याच शनिवारी ओळखते, आणि मग ती त्या खोलीत कोणालाच बोलावत नाही.

उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. गॅरेजचे मोठे दार अर्धे उघडून आजोबा तिथे खुर्ची टाकून बसतात, कारण साऱ्या घरात रस्ता दिसणारी आणि हवेशीर अशी ती एकच जागा असते. वाड्याच्या ओटीवर बसण्याची सवय त्यांना तिथे खेचते. सकाळची वेळ त्यांची आणि शाळा सुटल्यानंतरची मुलांची, अशी वाटणी मुले बहुधा विनातक्रार मान्य करतात. कित्येकदा पत्त्यांच्या डावाला चौथा गडी म्हणून आजोबांना थांबवूनही घेतात.

राहता राहिली जुनी खेळणी. ती एका दिवसात, मूल शाळेत गेलेले असताना हलवू नयेत. चादरीखाली झाकणारा मुलगाही त्यांतल्या दोन-तीन वस्तूंना हात लावू देत नाही. तीन खोकी ठेवून निवड त्यालाच करू द्यावी: द्यायचे, ठेवायचे, धाकट्या भावंडाचे. धाकटे भावंड असेल तर त्याच्यासाठी घरात दुसरा कोपरा आधी तयार करावा, अन्यथा थोरल्याची खोली ही धाकट्याची हकालपट्टी ठरते आणि भांडणे सुरू होतात. भिंतीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने केलेल्या उंचीच्या खुणा असतील, तर रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला सांगावे.

शक्यतो कोणताही बदल कायमचा करू नये. अठराव्या वर्षी मूल महाविद्यालयासाठी दुसऱ्या गावी जाते, म्हणजे ही खोली फार तर पाच-सहा वर्षांची आहे. घर विकायचे झाले तर गॅरेज नसलेले घर अनेक ग्राहकांना नको असते. म्हणून मोठे दार काढून तिथे भिंत घालण्याऐवजी ते आतून झाकावे, फरशीचा उतार भरून काढण्याऐवजी तिच्यावर उचलता येणारी लाकडी तक्तपोशी करावी, आणि दाराजवळ पाणी बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवावी. तिथे पुन्हा मोटार उभी राहायची आहे.